मिटलेली मूठ आणि मनोविश्लेषणाचा पेपर

मार्चच्या शेवटी नगरमध्ये दुपारी दोनच्या सुमारास रस्ता रिकामा होतो. पत्रे तापल्याचा बारीक आवाज येत राहतो, कुठेतरी पिठाची गिरणी चालू असते, आणि पलीकडच्या खोलीत कोणीतरी परीक्षेचा अभ्यास करत असतं. या घरात दरवर्षी कोणी ना कोणी असतंच. यंदा पुतणीची मुलगी सायली आहे. तिचा विषय मानसशास्त्र. येरझाऱ्या घालत ती पाठ करते : अबोध मन, दमन, प्रतिरोध, संक्रमण. पन्नास वर्षांपूर्वी पारनेरातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, असल्याच उन्हात, मी हेच शब्द पाठ केले होते.

"आजोबा, प्रतिरोधाचं एक उदाहरण सांगा ना," काल तिने विचारलं. "पुस्तकातलं नको. ते सगळ्याच लिहितात."

उदाहरण आहे. मी ते परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. त्याची आठवण आधी नाकाला होते : सुरुंगाच्या दारूचा आणि ताज्या फुटलेल्या दगडाचा वास. मग डोळ्यांना : पार शेंड्यापर्यंत ओरबाडलेली झाडं, कारण खालचा पाला जनावरांना घालून झाला होता. कानांची आठवण सर्वांत उशिरा येते, कारण ती आवाज नसण्याची आहे. संध्याकाळी गावात शिरताना गळ्यातल्या घंटा वाजत नसत. गोठे रिकामे झाले होते. काहीतरी कमी आहे एवढं जाणवायचं. काय कमी आहे ते कळायला मला बरेच दिवस लागले.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि नगरच्या एका दैनिकाचा पारनेर तालुक्याचा वार्ताहर होतो. संपादकांनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले होते. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि नावाशिवाय बातमी नाही : नाव, गाव, वय. दुष्काळी कामांवर फिरून मी रोज हे तीन रकाने भरत असे. त्याच वर्षी बाहेरून बी. ए.ला बसलो होतो. एक पेपर मनोविश्लेषणाचा होता, आणि तो शिकवणारं माणूस तालुक्यात एकच होतं.

डॉक्टर कुलथे पन्नाशीचे, किडकिडीत. तरुणपणी पुण्याकडच्या एका मनोरुग्णालयात त्यांनी वर्षभर नोकरी केली होती आणि येताना दोन जाड इंग्रजी ग्रंथ बरोबर आणले होते. पारनेरात त्यांचा दवाखाना तापासाठी आणि गळवांसाठी चालत असे. दुपारी एक ते तीन कोणी येत नसे. त्या वेळात ते मला शिकवत.

"माणसाचं मन आपल्या आडासारखं समज," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "वर दिसतं ते थोडं पाणी. झरे खाली, अंधारात."

"यंदा तळ दिसतोय, डॉक्टर. ही उपमा चालायची नाही."

ते हसले. मग थोडा विचार करून म्हणाले, "तुझ्या संपादकाच्या टेबलाखाली टोपली असते ना? नको ती बातमी टोपलीत जाते. पण ती मरत नाही. ती वेष बदलून पानावर येते. कधी वाचकाचं पत्र होऊन, कधी जाहिरात होऊन. माणूस नको ती गोष्ट अशीच मनाच्या टोपलीत ढकलतो. त्याला दमन म्हणायचं. आणि ती गोष्ट परत येते : स्वप्नात, बोलताना घसरलेल्या शब्दात, नाहीतर अंगावर. तिला घाबरून आपण जे दार लावून धरतो, तो प्रतिरोध. हे शास्त्र ज्यांनी काढलं, त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं सगळं म्हणणं या टोपलीभोवती फिरतं."

अंगावर म्हणजे कसं, हे मला कळलं नव्हतं. ते आठवड्याभरात दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलं.

चंद्राबाई तीस-बत्तीस वर्षांची होती. पारनेरपासून तीन मैलांवर तिचं गाव. तिथल्या पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडत असे. नवरा दिवाळीपासून श्रीरामपूरकडे साखर कारखान्यावर होता. सोबत सासू आली होती, आणि बोलत होती तीच.

"सकाळी हातोडा उचलायला गेली, आन् हात उठंना. पडली न्हाई, झडली न्हाई. मुकादम म्हनतो, सोंग हाय. सोंग आसतं तर चुलीवर हात पोळून घेतला आसता का हिनं? पोळला तरी कळलं न्हाई."

डॉक्टरांनी सुई घेतली. कोपराखाली टोचलं की ती दचके. बांगड्यांपर्यंत दचके. बांगड्यांच्या खाली काही नाही. सुईच्या टोकाला रक्ताचा ठिपका आला तरी तिचा चेहरा हलला नाही.

"नसा अशा गोल कापल्यासारख्या थांबत नसतात," डॉक्टर मला नंतर म्हणाले. "हातमोजा घातल्यासारखा बधिर झालाय हात. शरीराला मनगटाची सीमा माहीत नाही. मनाला असते."

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहून घेतली. हात लुळा नव्हता. तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली, कोणापुढे काही धरावं तशी ती मूठ होती. डॉक्टरांनी एकेक बोट उघडून पाहिलं. आत घट्ट्यांशिवाय काही नव्हतं. सोडल्यावर बोटं पुन्हा तशीच मिटली.

"हिचा सासरा म्हनतो," सासू जाताना आवाज न उतरवता म्हणाली, "अखितीपत्तूर हात आला तर बरा, न्हाईतर हिला म्हायेरी घालवायची. पोरगी धुरपी आमच्याकडं ऱ्हाईल." धुरपी सहा वर्षांची होती. चंद्राबाई त्या वेळी भिंतीकडे पाहत होती. अक्षय्य तृतीयेला जेमतेम महिना होता.

डॉक्टरांनी उपचाराची पद्धत मला आणि स्वतःला एकदमच समजावली. पूर्वी अशा रोग्याला संमोहनाने झोपवत. मग ते सोडून दिलं. रोग्याला आडवं करायचं, आपण त्याला दिसणार नाही असं डोक्यामागे बसायचं, आणि एकच नियम सांगायचा : मनात येईल ते बोला, निवड करू नका. हे मुक्त साहचर्य. ऐकणाऱ्यानेही निवड करायची नाही. सगळ्याकडे सारखंच लक्ष ठेवायचं. रोगी कुठे अडतो ते पाहायचं, कारण अडतो तिथे दार असतं. स्वप्न सांगितलं तर त्याच्या तुकड्यांवरून काय आठवतं ते विचारायचं. अर्थ सांगायची घाई करायची नाही. रोगी स्वतः त्या अर्थापासून एका पावलावर येऊन थांबला की मगच सांगायचा.

"पण माझ्यासमोर ती 'व्हय' आणि 'न्हाई' सोडून बोलत नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हटला की सुई. तू बस. तुला लघुलिपी येते, शब्द सुटणार नाही. मी वही वाचत जाईन."

परक्या पुरुषासमोर आडवं होणं तिला शक्यच नव्हतं. ती जमिनीवर भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावर ओढून बसली. मी मागे स्टुलावर. सासू उंबऱ्यात, पाठ करून, सुपात मिलो निवडत. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी होती. तिच्यात खडे फार असत. आडवं करून जे साधायचं ते पदराने साधलं : तिला मी दिसत नव्हतो.

"काय बोलू?"

"मनात येईल ते."

"मनात काय येतंय, भाऊ. घाम येतोय."

उंबऱ्यातून सासू म्हणाली, "बोल की गं. घरी तर कान किटंस्तवर बोलतीस."

मग ती बोलू लागली. गाईबद्दल. घरी एक गाय होती, ती हिच्या पायांचा आवाज ओळखायची. दुसऱ्या कोणी वैरण टाकली तर तोंड लावायची नाही, हिच्या हातातूनच खायची. धारेला हिच्याशिवाय कोणाला उभी करायची नाही. गाय आता नव्हती; त्या वर्षी कोणाकडेच नव्हत्या. माझी एक सवय होती. सभेत वक्ता भरकटला की मी वहीत आडवी रेघ ओढत बसे, हात चालू राहावा म्हणून. गाईच्या वेळी मी रेघा ओढल्या.

"मग दिवाळीला धुरपीचे वडील गेले कारखान्यावर."

मी रेघ थांबवली. "नाव काय त्यांचं?"

ती गप्प झाली. पदर आणखी खाली आला. उंबऱ्यातलं सूप थांबलं. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या.

पुढच्या बैठकीत तेच. सासऱ्याचं नाव ना तिने सांगितलं, ना सासूने. शेजाऱ्यांची, मुकादमाची, जावांची तिने स्वतः सांगितली. नवऱ्याशी आली की थांबे. मी नियमाची आठवण दिली : मनात येईल ते, काही वगळायचं नाही. ती मान खाली घालून बसे. 'पतीचा उल्लेख. थांबली.' अशी नोंद वहीत चार ठिकाणी झाली.

तिसऱ्या दिवशी तिने स्वप्न सांगितलं. "सपनात हात वला आसतो. पदराला पुसते, पुसते, वाळतच न्हाई." डॉक्टरांनी ते वाचून मान डोलावली. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती. दुष्काळात माणूस पाण्याचं स्वप्न पाहणारच. त्या ओल्या हातावरून तिला काय आठवतं, हे विचारायचं राहून गेलं.

ती माझ्याशी सैल बोलू लागली होती. "तुमी माझ्या धाकल्या भावावानी मान हलीवता," एकदा पाठमोरीच म्हणाली. मी मान हलवतो हे तिला कसं दिसलं, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, हे संक्रमण. रोगी आपल्या आयुष्यातलं जुनं माणूस विश्लेषकाच्या जागी आणून बसवतो. त्यावर खूश व्हायचं नसतं. मी खूश झालो होतो.

अखितीला आठ दिवस राहिले. छपाईची वेळ आली की हातात असेल त्यावर बातमी करायची, ही माझी सवय होती. डॉक्टरांची नव्हती, पण त्यांच्यासमोर माझी वही होती, आणि वहीत चार वेळा 'थांबली' होतं. नवरा सहा महिने दूर. घरात सासऱ्याचं राज्य. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यावर उगारता न येणारा हात आपोआप मिटला. पुस्तकात बसणारी आकृती होती.

"तुमचा राग धुरपीच्या वडिलांवर आहे," मी तिला सांगितलं.

तिने पदर घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "भाऊ, आसं म्हनू नगा." आणि उठून गेली.

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सासू एकटीच आली. पायरी न चढता उन्हातच उभी राहून बोलली.

"काय वो पेपरवाले, काय भरीवलं सुनंच्या डोक्यात? आता कोपरापत्तूर मेला हात. राग हाय म्हनं नवऱ्यावर! त्यो बिचारा तिकडं उसाच्या चिपाडात काम करतोय, म्हैन्याला मानसाहाती निरोप धाडतो. हिनं कवा वाईट शबूद काढला न्हाई त्याच्याबद्दल."

डॉक्टर म्हणाले, "बाई, त्याचा विषय निघाला की ती बोलायची थांबते. चार वेळा थांबली."

"थांबंल न्हाई तर काय! ह्यो गडी सारखा म्हनतो, नाव सांगा, नाव सांगा. बायामानसं घेत्यात व्हय नवऱ्याचं नाव? तुमच्या आईनं घेतलंय का कवा? मला तर हसाया यायचं. म्हनलं, पेपरवाल्यांची रीत आसंल."

ती गेल्यावर डॉक्टरांनी वही मिटली. नोंद अचूक होती आणि तिचा अर्थ पूर्ण चूक होता. "मी समोर असतो तर मला कळलं असतं," ते म्हणाले. "ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तुला कशी नाही?"

मग मी त्यांना घरचं सांगितलं. मी सात वर्षांचा असताना वडील मुंबईला गेले ते परतले नाहीत. त्यानंतर आई त्यांचं नाव घेत असे, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, तहसील कचेरीत पुकारतात तसं. आमच्या गल्लीत नवऱ्याचं नाव घेणारी ती एकटीच होती. बाकीच्या बायका घेत नसत, हे मी रोज ऐकलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. माझ्या घरात त्या नावाचा आणि रागाचा आवाज एकच होता. जिथे नाव नाही, तिथे राग दडवलेला असणार, असं मी मानत आलो होतो; मानतो आहे हेही ठाऊक नसताना.

"हं," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याचं विश्लेषण करण्याआधी स्वतःचं करून घ्यावं, असा नियम आहे. आपण तो गाळला."

त्या दुपारी मी वही पुन्हा वाचली. शब्दांत काही सापडलं नाही. मग रेघा पाहिल्या. प्रत्येक बैठकीची सुरुवात रेघांनी झाली होती. नवऱ्याकडे ती माझ्या प्रश्नाने वळली होती. गाईकडे आपण होऊन, दर वेळी. आणि एक गोष्ट वहीत कुठेच नव्हती. माणसामाणसाचं नाव मी विचारलं होतं. आमच्याकडे गाईला नाव असतं. हाक मारताना, शिव्या देताना, धार काढताना तेच येतं. चंद्राबाई चार दिवस गाईबद्दल बोलली होती, पण 'गाय' असंच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी तलावाच्या कामावर गेलो. मुकादमाने तिला तात्पुरतं पाण्याच्या डेऱ्याशी बसवलं होतं. डाव्या हाताने ती पाणी वाढत होती. उजवा मांडीवर, तसाच मिटलेला. जेवणाची सुट्टी झाली, हातोडे थांबले. मी तिच्या मागे दगडावर बसलो. वही आणली नव्हती.

"चंद्राबाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "त्यांच्याबद्दल काही विचारत नाही. गाईचं नाव काय होतं?"

ती गप्प राहिली. ही शांतता आधीच्या चार शांततांसारखी नव्हती. तेव्हा ती लाजून खाली पाहत असे. आता खांदे वर गेले होते आणि श्वास धरलेला होता.

"हरनी," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, मध्ये फारशी न थांबता. माघात व्यापाऱ्याचा ट्रक आला. गाय फळीवर चढेना. चौघांनी रेटली, शेपूट पिरगाळली, चढेना. सासूने हिला घरातून हाक मारली, तुझंच ऐकंल म्हणून. ही ट्रकवर चढली आणि वरून हात पुढे केला. "वैरन न्हवती घरात. रिकामीच मूठ धरली म्या. तिला वाटलं, कायतरी हाय. आली फळीवरनं, गपचीप. मूठ हुंगली. काय न्हाई म्हनल्यावर हात चाटाया लागली. हितपत्तूर." डाव्या हाताच्या बोटाने तिने उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या कडेला, रेघ दाखवली. "तेवढ्यात त्यांनी फळी काढली. म्या खाली उतरले. हात वलाच हुता."

ती मग पदराने मनगट पुसू लागली आणि पुसत राहिली. मी अर्थ सांगितला नाही. सांगण्यासारखं शिल्लक काही नव्हतं. सुट्टी संपली, हातोडे सुरू झाले.

हात त्या दिवशी आला नाही. पुस्तकातले रोगी गाठ सुटताच बरे होतात. डॉक्टर म्हणाले, ते लिहिणाऱ्यांची सोय असते. चार दिवसांनी निरोप आला की हाताला ऊन पाणी जाणवतंय. मग बोटं हलू लागली. अखिती आली आणि गेली, तेव्हा हातोडा अजून धरवत नव्हता, तरी तिला माहेरी पाठवलं नाही. सासऱ्याचं मन कशाने बदललं, ते मला कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी सासूला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ट्रकाजवळ हाक म्याच मारली हुती तिला."

परीक्षेला नगरला गेलो. 'मनोविश्लेषणाची तंत्रे सोदाहरण स्पष्ट करा.' मुक्त साहचर्य, स्वप्नविश्लेषण, प्रतिरोध, संक्रमण, अर्थनिर्णय, सगळं क्रमाने लिहिलं. उदाहरणाची जागा मोकळी सोडली. 'रुग्ण स्त्री, वय अंदाजे तीस' एवढं लिहिलं होतं, मग तेही खोडलं. प्रतिरोधाचं उदाहरण म्हणून तिला दाखवायचं, तर आधी स्वतःलाच दाखवावं लागलं असतं. पास झालो, त्या पेपरात जेमतेम.

सायलीला हे सगळं आज दुपारी सांगितलं. तिने शेवटी विचारलं, "पण मग ती पूर्ण बरी झाली का?" तिला उत्तर दोन ओळींत हवं होतं. मी बाजाराचं सांगितलं.

दोन वर्षांनी पारनेरच्या बाजारात चंद्राबाई भेटली. धुरपी बरोबर होती, उंच झालेली. जवळ एक तांबडी कालवड होती, दावं धुरपीच्या हातात.

"काय भाऊ, वही न्हाई आनली?" तिने लांबूनच विचारलं.

"नाही. कालवडीचं नाव काय?"

"हरनीच." मग पदर सावरत हसली. "आन् धुरपीच्या वडलांचं अजून न्हाई घेत म्या. तेवढं लिवून ठेवा."

तिने उजवा हात कालवडीपुढे केला. बोटं सरळ उघडली. तळव्यावर मेथीच्या काड्या होत्या. कालवडीने त्या खाल्ल्या आणि मग ती हात चाटू लागली, बोटांपासून बांगड्यांपर्यंत. चंद्राबाई माझ्याशी बोलत राहिली. हात तिने मागे घेतला नाही.